ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची नळी नेमकी कुठे जोडायची? व्हॅक्यूम आणि बूस्ट लाईन, सगळं सविस्तर

गिअर बदलायला अ‍ॅक्सिलरेटर सोडला की बॉनेटखालून कबुतरं उडाल्यासारखी फडफड ऐकू येते, किंवा बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, भरतच नाही, गाडी ओढत नाही, आयडलिंगला आरपीएमची सुई वरखाली होते, आणि गॅरेजमध्ये नेली की पहिलं वाक्य कानावर पडतं, "टर्बो गेला साहेब". थांबा. टर्बो उतरवायच्या आधी बोटाएवढ्या जाडीचीसुद्धा नसलेली एक नळी तपासा. ब्लो-ऑफ व्हॉल्व्हच्या डोक्यावर जी बारीक नळी येते ना, ती कुठून निघते, वाटेत कुठे फाटलीये, कोणी तिच्यात टी (तीन तोंडांचा जोड) घालून दुसरं काही जोडलंय का, एवढं बघितलं तरी बराच उलगडा होतो.

मी हे सगळं जुन्या स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टर्बोवर शिकलो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, २००१ पासून ऑक्टाव्हिया जोडली जायला लागली आणि २००४ ला आपल्याकडे तिची आरएस आवृत्ती आली, १५० पीएसची (पीएस म्हणजे अश्वशक्ती). युरोपात तीच १८० पीएसची होती. या गाड्या आता वीस वर्षांच्या झाल्या, इंजिन अजून दणदणीत आहेत, पण रबर कुठलंही असलं तरी वीस वर्षं उष्णतेत शेकून निघालं की कडकणारच. म्हणून उदाहरण याच गाडीचं घेतो, पण तत्त्व कुठल्याही पेट्रोल टर्बोला लागू आहे ज्याचा व्हॉल्व्ह व्हॅक्यूमवर चालतो. आधी हे बघून घ्या की तुमचा तसा आहे का. नव्या टीएसआय वगैरे गाड्यांत बहुतेक ठिकाणी व्हॉल्व्ह टर्बोच्या अंगावरच बसवलेला असतो आणि त्याला वायरचा प्लग येतो, म्हणजे तो इलेक्ट्रिक आहे, तिथे नळीचा प्रश्नच नाही. आणि डिझेल असेल तर हा विषयच सोडून द्या, डिझेलमध्ये पेट्रोलसारखं थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप, धाडकन बंद होत नाही त्यामुळे हवा अडून मागे उसळी मारत नाही, बाजारात डिझेलसाठी म्हणून जे "डम्प व्हॉल्व्ह" विकतात ते फक्त आवाजासाठी, पैसे घालवू नका.

आता व्हॉल्व्ह करतो काय ते नीट समजून घेऊ, कारण हे डोक्यात बसलं की नळी कुठे लावायची हे कोणाला विचारावं लागत नाही. टर्बो हवा दाबून पाईपात भरतो, ती इंटरकूलरमधून (हवा थंड करणारी जाळी) थ्रॉटलपर्यंत येते आणि थ्रॉटल उघडं असेल तर मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाईपांत, जाते. पाय उचलला की थ्रॉटल मिटतं पण टर्बोचा पंखा लाखभर आरपीएमच्या वेगात असतो, तो काही लगेच थांबत नाही, हवा ढकलतच राहतो. दार बंद आणि मागून गर्दी येतीये अशी अवस्था. ती हवा उलटी फिरून पंख्यावर आपटते, तीच ती फडफड. ही हवा बाहेर जायला किंवा परत टर्बोच्या तोंडाशी जायला जो दरवाजा ठेवलाय तो म्हणजे हा व्हॉल्व्ह. बाहेर सोडणारा तो ब्लो-ऑफ, परत इनलेटला देणारा तो डायव्हर्टर व्हॉल्व्ह म्हणजे डीव्ही, जोडणीचं तत्त्व दोघांचं एकच.

व्हॉल्व्हच्या आत एक डायफ्रॅम असतो, काहींत पिस्टन असतो, त्याच्यावर स्प्रिंग. खालून पाईपातला दाब त्याला वर ढकलतो, वरून स्प्रिंग आणि बारीक नळीतून आलेली हवा. बूस्टवर गाडी पळत असताना मॅनिफोल्डमध्येही बूस्ट असतो, म्हणजे वर आणि खाली दाब जवळपास सारखाच, मग स्प्रिंग जिंकते आणि दरवाजा बंद. पाय उचलला की मॅनिफोल्डमध्ये क्षणात व्हॅक्यूम तयार होतो, नळी डायफ्रॅमला वर ओढते, खालून अडकलेला दाब ढकलतोच आहे, दरवाजा उघडतो. म्हणजे या नळीला एकच गोष्ट हवी असते, थ्रॉटल मिटल्याची बातमी, आणि ती बातमी फक्त थ्रॉटलच्या पुढे म्हणजे इंजिनच्या बाजूला मिळते. मॅनिफोल्डमधून. थ्रॉटलच्या अलीकडे, इंटरकूलरच्या पाईपावर कुठेतरी निपल (नळी चढवायचं बारीक तोंड) दिसलं म्हणून तिथून लाईन घेतली तर पाय उचलल्यावरही वर बूस्टच राहतो आणि व्हॉल्व्ह उघडतच नाही. फडफडीचं हे एक नेहमीचं कारण. बाहेरून सगळं व्यवस्थित दिसतं, क्लिपा घट्ट, नळी नवी, पण जागा चुकलेली.

मॅनिफोल्डवरूनही कुठली नळी निवडायची याला महत्त्व आहे. तिथून ब्रेक बूस्टरची जाड नळी निघते, फ्यूएल प्रेशर रेग्युलेटरची निघते, क्रँककेस ब्रीदर, चारकोल कॅनिस्टर, अशा बऱ्याच. यातल्या काहींत मध्ये चेक व्हॉल्व्ह असतो, म्हणजे हवा एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा प्लास्टिकचा तुकडा, तो सुटा काढून तोंडाने फुंकलं तर एका बाजूने हवा जाते आणि दुसऱ्या बाजूने अडते. चेक व्हॉल्व्हच्या पलीकडून लाईन घेतली तर तिथे व्हॅक्यूम अडकून राहतो आणि बूस्ट कधी पोचतच नाही, मग व्हॉल्व्ह बूस्टवर असतानाच उघडतो आणि सगळी हवा निसटून जाते. ब्रेकच्या नळीला तर हातच लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे, लोक करतात, टी घालतात, चालतंही, पण ती टी एक दिवस निसटली आणि खंबाटकी उतरताना पेडल दगडासारखं कडक झालं तर काय करणार.

फ्यूएल रेग्युलेटरच्या नळीला टी घालून डीव्ही जोडायची पद्धत या १.८ टर्बोवर खूप चालते. काम करते. पण एक लक्षात घ्या, तो रेग्युलेटर मॅनिफोल्डचा दाब बघून पेट्रोलचा दाब ठरवतो, बूस्ट जेवढा वाढेल तेवढाच पेट्रोलचा दाब वाढायला हवा. त्या टीमध्ये बारीकशी जरी गळती झाली तर बूस्टवर पेट्रोल कमी पडतं, म्हणजे मिश्रण लीन, म्हणजे नॉकिंग (सिलिंडरमध्ये अवेळी होणारा स्फोट), आणि पुढे पिस्टनपर्यंत गोष्ट जाऊ शकते. बूस्ट गेज तिथे जोडा, गेजमधून हवा वाहत नाही, फक्त दाब कळतो. डीव्हीला मात्र शक्य असेल तर मॅनिफोल्डवरचं स्वतःचं निपल द्या, स्वतःची नळी, मध्ये कुठलीही टी नाही, आणि लांबी जेवढी लागेल तेवढीच. का ते सांगतो. डायफ्रॅमच्या वरच्या खोलीतली हवा ओढून काढायला वेळ लागतो, नळी लांब आणि बारीक असेल तर तो वेळ वाढतो आणि दरवाजा उघडायच्या आतच अर्धी फडफड होऊन गेलेली असते.

आता या ऑक्टाव्हियातली गुंतागुंत. कंपनीने मॅनिफोल्ड आणि डीव्हीच्या मध्ये एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह, ठेवलाय, एन २४९ म्हणतात त्याला, आणि जोडीला काळ्या प्लास्टिकचा व्हॅक्यूम साठवायचा डबा. सोलेनॉइडला करंट नसेल तेव्हा मॅनिफोल्डची लाईन सरळ डीव्हीला मिळते, ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) करंट दिला की डब्यातला व्हॅक्यूम डीव्हीला जातो, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार व्हायच्या आधीच ईसीयू दरवाजा उघडू शकतो. कल्पना हुशारीची आहे, पण त्यापायी नळ्या, टी आणि चेक व्हॉल्व्ह यांचा इतका गुंता होतो की वीस वर्षांनी त्यातलं काहीतरी फाटलेलं असतंच. म्हणून बरेच जण एन २४९ बाजूला ठेवून मॅनिफोल्डपासून डीव्हीपर्यंत सरळ नळी टाकतात. तुम्ही तसं केलंत तर दोन गोष्टी विसरू नका, एक म्हणजे सोलेनॉइडचा इलेक्ट्रिक प्लग काढायचा नाही, काढला की चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि दुसरं, जी तोंडं मोकळी राहिली त्या प्रत्येकाला रबरी टोपी आणि त्यावर क्लिप. टोपी नुसती दाबून बसवली तर बूस्टवर उडून जाते. माझं विचाराल तर गाडी स्टॉक (कंपनीतून आली तशी) असेल आणि नळ्या मिळत असतील तर मूळ जोडणीच नव्या नळ्यांनी परत उभी करा, ती चांगली चालते.

एन ७५ या दुसऱ्या सोलेनॉइडला मात्र यात ओढू नका. दिसायला भावंडंच वाटतात, पण एन ७५ वेस्टगेटचं, म्हणजे जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला टाळून बाजूने सोडणाऱ्या दरवाजाचं, काम बघतो. त्याच्या तीन तोंडांपैकी एक टर्बोच्या कॉम्प्रेसरकडून दाब घेतं, एक वेस्टगेटच्या अ‍ॅक्च्युएटरला (वेस्टगेट उघडणारा डबा) जातं, एक परत इनलेट पाईपला. ही बूस्ट लाईन, हिला व्हॅक्यूमशी देणंघेणं नाही आणि हिच्यात ब्लो-ऑफसाठी टी घालायची नाही म्हणजे नाही. अ‍ॅक्च्युएटरची नळी निसटली किंवा तिच्यातून हवा गळली तर वेस्टगेट उघडायला दाब पोचत नाही आणि बूस्ट वाढतच जातो. ब्लो-ऑफची नळी चुकली तर गाडी कुरकुर करते, वेस्टगेटची चुकली तर इंजिन जातं. काम करताना दोन्हींना वेगवेगळ्या रंगाची टेप लावा, मी पिवळी आणि निळी लावतो, बॉनेटखाली अंधारात टॉर्च तोंडात धरून काम करताना फार उपयोग होतो.

बाहेरचा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह आणला असेल आणि त्याला दोन निपल असतील तर गडबड इथे होते. वरचं निपल, डायफ्रॅमच्या वरच्या खोलीचं, ते मॅनिफोल्डला, यात काही बदल नाही. खालचं निपल डायफ्रॅमच्या खालच्या बाजूला जातं आणि ते थ्रॉटलच्या अलीकडच्या पाईपाला, म्हणजे बूस्ट पाईपाला जोडतात, त्याने डायफ्रॅमला खालून अजून जोर मिळतो आणि व्हॉल्व्ह लवकर उघडतो. काही किटमध्ये खालचं मोकळं सोडलं तरी चालतं, सोबतच्या कागदात काय दिलंय ते बघून ठरवा. दोन्हींची अदलाबदल झाली तर काय होईल विचार करून बघा, पाय उचलल्यावर वर बूस्ट आणि खाली व्हॅक्यूम, म्हणजे दरवाजा अजून घट्ट मिटणार, फडफडच फडफड. आणि वरचं निपल चुकून मोकळं राहिलं तर बूस्ट येताच व्हॉल्व्ह उघडणार आणि गाडी नुसती ओरडणार, पळणार नाही.

त्या फुस्स आवाजासाठी हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह लावायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला होता. पण या गाडीत एअर फिल्टरच्या लगेच पुढे हवा मोजणारा सेन्सर आहे, मास एअर फ्लो, त्याने मोजलेल्या हवेच्या हिशोबाने ईसीयू पेट्रोल देतो. मोजलेली हवा तुम्ही बाहेर सोडून दिली तर पेट्रोल तेवढंच येतं आणि हवा कमी, प्रत्येक गिअरला मिश्रण रिच, काळा धूर, झटका, कधी सिग्नलला गाडी बंद. शिवाय स्प्रिंग मऊ असेल तर आयडलिंगला व्हॅक्यूमने तो दरवाजा अर्धवट उघडा राहतो आणि तिथून न मोजलेली, न गाळलेली हवा आत जाते. आपल्याकडच्या रस्त्यांवरची धूळ सरळ थ्रॉटलमध्ये. स्टॉक ईसीयू असेल तर हवा परत इनलेट पाईपात जाणारा डायव्हर्टरच ठेवा.

प्रत्यक्ष काम. गाडी चालवून आल्या आल्या हात घालू नका, या इंजिनला टर्बो मागे फायरवॉलच्या बाजूला आहे आणि तासभर तरी भाजतो. आधी मोबाईलने सगळ्या बाजूंनी फोटो काढा, डीव्ही कुठल्या दिशेला तोंड करून बसलाय तोही फोटोत यायला हवा. मग मॅनिफोल्डच्या निपलपासून नळीवर बोट ठेवून डीव्हीपर्यंत जा, डोळ्याने नाही, बोटाने. माझ्या गाडीत असंच सापडलं. एका गॅरेजने टर्बोचा खर्च सांगितला होता, मी गाडी घरी आणली आणि संध्याकाळी पार्किंगमध्ये बसून एकेक नळी चाचपली. कंपनीच्या या नळ्यांवर बाहेरून कापडाची वीण असते, ती शाबूत होती, काळी, थोडी तेलकट, बघून काहीच कळत नव्हतं, पण निपलपासून इंचभर अलीकडे नळी वाकवली तर विणीच्या आत रबर उभं चिरलेलं जाणवलं आणि सोडली की चीर परत मिटायची. आयडलिंगला व्हॅक्यूममुळे ती चिकटून बंद राहायची आणि बूस्ट आला की उघडायची. वीतभर नळी बदलली, गाडी पूर्वीसारखी ओढायला लागली.

नळी घेताना आतला व्यास निपलपेक्षा थोडा कमी हवा, घालताना जोर लागला पाहिजे. निपल मोजून घ्या, तीन-साडेतीन ते सहा मिलीमीटरमध्ये सगळं येतं. सिलिकॉन असेल तर जाड भिंतीचं, पातळ सिलिकॉन व्हॅक्यूमने चपटं होतं आणि वाट बंद होते. आणि सिलिकॉनला पेट्रोल आणि ऑइल सहन होत नाही, फुगतं, त्यामुळे जिथे त्यांची वाफ येते तिथे रबरी फ्यूएल होजच वापरा. फिश टँकची पारदर्शक नळी स्वस्त मिळते म्हणून कोणी सुचवेल, ती इंजिनच्या उष्णतेत पहिल्या उन्हाळ्यातच मऊ होऊन निसटते. जुनी कडक नळी निपलवरून ओढून काढू नका, निपल प्लास्टिकचं असतं आणि तुटलं तर खर्च वाढतो, ब्लेडने उभी चीर देऊन सोला. नवी चढवताना टोकाला साबणाच्या पाण्याचा थेंब लावा, ग्रीस किंवा ऑइल नको, नंतर घसरते. निपलची कड पार होऊन पुढे अर्धा इंच गेली की क्लिप. बारीक नळ्यांना स्प्रिंग क्लिप किंवा झिप टाय चालतो, जाड बूस्ट पाईपाला मात्र स्क्रूने आवळायची जुबली क्लिपच.

डीव्ही हातात आलाच आहे तर तोही तपासा. खालून बोटाने आतला दरवाजा वर ढकला, तसाच धरून डोक्यावरच्या निपलवर दुसऱ्या हाताचा अंगठा घट्ट दाबा आणि मग ढकललेलं बोट काढा. दरवाजा वरच अडकून राहिला तर डायफ्रॅम ठीक आहे, लगेच किंवा हळूहळू खाली आला तर डायफ्रॅम फाटलाय, व्हॉल्व्ह बदला. हाताचा व्हॅक्यूम पंप असेल तर अजून उत्तम, पंधरा-वीस इंच (पाऱ्याचे इंच, गेजवर तेच असतात) व्हॅक्यूम द्या आणि मिनिटभर काटा हलतो का बघा.

सगळं जोडल्यावर गेज लावून आयडलिंग बघा. समुद्रसपाटीला तब्येतीत असलेलं इंजिन साधारण १८ ते २२ इंच व्हॅक्यूम दाखवतं, पण दर ३०० मीटर उंचीला इंचभर कमी होतं हे लक्षात ठेवा. पुणे ५६० मीटरवर आहे, इथे दोनएक इंच कमी दिसणार, महाबळेश्वरला चारेक इंच. मुंबईच्या मित्राच्या गाडीशी आकडा जुळला नाही म्हणून घाबरू नका, पण काटा थरथरत असेल किंवा बराच खाली असेल तर कुठेतरी हवा ओढली जातीये. शोधायला सोपा उपाय म्हणजे हातभर नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं टोक जोडांजवळ फिरवायचं, पंखा आणि बेल्टपासून लांब राहून, गळतीची शीळ अगदी स्पष्ट ऐकू येते.

बूस्टची गळती अशी आयडलिंगला सापडत नाही, त्यासाठी इंजिन बंद करून टर्बोच्या इनलेट पाईपाला टोपण लावायचं आणि त्यातून रेग्युलेटर लावलेल्या कॉम्प्रेसरने दहा पीएसआय हवा भरायची, जोडांवर साबणाचं पाणी. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी थेट लावू नका, तो दाब कितीतरी जास्त असतो. क्रँककेस ब्रीदरची नळी इनलेट पाईपापासून सोडवून ते तोंड बंद करा, नाहीतर हवा इंजिनच्या पोटात जाते आणि ऑइल सीलवर दाब येतो. अजून एक, डीव्ही इनलेट पाईपालाच जोडलेला असल्यामुळे या टेस्टमध्ये त्याच्या दोन्ही बाजूंना सारखा दाब येतो आणि तो स्वतः गळत असला तरी बुडबुडे येत नाहीत, म्हणून ती अंगठ्याची टेस्ट वेगळी करायचीच. स्कॅनरवर पी १२९७ असा कोड येत असेल तर तो टर्बो आणि थ्रॉटलमधल्या पाईपाच्या जोडणीबद्दल आहे, तिथे आधी बघा.

मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरला पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर आणि एकदम सोडा. एकच सुस्कारा ऐकू यायला हवा. अगदी कमी बूस्टवर हलकीशी फडफड राहिली तर बाहेरच्या व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंगचा स्क्रू जास्त घट्ट आहे, अर्धा अर्धा फेरा सैल करत बघा. दोनशे किलोमीटर झाले की थंड इंजिनवर सगळ्या क्लिपा परत एकदा बघून घ्या, नवीन रबर आणि सिलिकॉन उष्णतेने बसतं आणि पहिल्यांदा घट्ट केलेली जुबली क्लिप पाव फेरा तरी मागते.